अकरा माणसांचं ऐकणं

2018 सालच्या सप्टेंबरात टोरांटोमध्ये कॅनडाचा पोलारिस संगीत पुरस्कार जाहीर झाला आणि तो जेरेमी डचर या तरुण गायकाच्या पहिल्याच अल्बमला मिळाला. अल्बममधली सगळी गाणी वोलास्तोके भाषेत आहेत. कॅनडाच्या पूर्वेला न्यू ब्रन्सविक प्रांतात ज्या आदिवासींची ही भाषा, त्यांच्यात ती अस्खलित बोलणारे शंभरसुद्धा उरलेले नाहीत. म्हणजे पुरस्काराची बातमी ज्यांनी वाचली त्यांच्यापैकी जवळजवळ कुणालाच त्या गाण्यांतलं अवाक्षर कळत नव्हतं. तरीही त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम अल्बम म्हणून परीक्षकांनी याच अल्बमवर बोट ठेवलं.

मी तो ऐकला इंदूरला, राजेंद्रनगरच्या आमच्या घरात, माझ्या भाचीनं मागे लागून ऐकायला लावला म्हणून. भाची कॅनडातल्या हॅलिफॅक्सला शिकायला गेली आणि तिकडेच नोकरीला लागली. डचरही त्याच गावात शिकलेला, डलहौसी विद्यापीठात, संगीत आणि मानववंशशास्त्र. त्यामुळे तिला तो गाववाला वाटतो. फोनवर म्हणाली, "आत्या, काम करता करता लावू नकोस हं. बसून ऐक. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

बसले. डचरचा आवाज पाश्चात्य शास्त्रीय तालमीतला, टेनर म्हणजे पुरुषाचा वरच्या पट्टीतला, भरदार. पियानो, तंतुवाद्यं. आणि एका गाण्यात मध्येच दुसराच एक आवाज येतो. दूरचा, खरखरीत, म्हाताऱ्या पुरुषाचा. तो आवाज शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. 1907 च्या सुमारास विल्यम मेकलिंग नावाचा मानववंशशास्त्रज्ञ त्या वस्त्यांवर गेला होता आणि तिथल्या लोकांची गाणी त्यानं मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतली. पुढे ती नळकांडी संग्रहालयात जाऊन पडली. ज्यांची गाणी होती त्यांच्या घरी मात्र ती ऐकू येईनाशी झाली, कारण तिथल्या लोकांना आपले सण-विधी करायलाही कायद्यानं कित्येक वर्षं बंदी होती. मॅगी पॉल या त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या गायिकेनं डचरला सांगितलं, की बाळा, जुनी गाणी हवी असतील तर संग्रहालयात जा. तो गेला. कानाला हेडफोन लावून बसला. खरखरीतून एकेक सूर वेचून त्यानं ती गाणी लिहून काढली. अल्बममध्ये तो आपल्या पणजोबांच्या पिढीतल्या त्या माणसाचा सूर उचलतो आणि त्याच्याबरोबर गातो. साथीला आहे असं नाही म्हणणार मी. शेजारी बसून, गुरूनं म्हटलेली ओळ शिष्यानं उचलावी तसा गातो. आपल्याकडे तालमीत हे रोज चालतं, पण मधे शंभर वर्षं नसतात.

त्या वर्षीच्या दहा अल्बमांच्या अंतिम यादीत गॉर्ड डाउनी हे नाव होतं. इकडे ते कुणाला फारसं माहीत नाही. तिकडे मात्र 'द ट्रॅजिकली हिप' या बँडचा हा गायक म्हणजे घरातला माणूस. त्याला मेंदूचा असाध्य कॅन्सर झाल्याचं जाहीर झालं, त्यानंतर 2016 च्या ऑगस्टमध्ये त्यानं शेवटची मैफल केली. सरकारी वाहिनीनं ती थेट दाखवली आणि एक कोटीहून जास्त लोकांनी पाहिली. ऑक्टोबर 2017 मध्ये तो गेला आणि त्याच महिन्यात त्याचा हा अल्बम निघाला. हा असा प्रसंग आपल्याकडे असता तर निकाल काय लागला असता, हे सांगायला ज्योतिषी नको. आणि खरं सांगायचं तर मीही त्यालाच मत दिलं असतं, रडत रडत. पण त्या परीक्षकांनी तसं केलं नाही. त्यांच्यापुढे प्रश्न एवढाच होता की या दहांतला अल्बम म्हणून श्रेष्ठ कोणता. देशाचा लाडका माणूस एका बाजूला, अनोळखी भाषेतला नवा पोरगा दुसऱ्या बाजूला, आणि त्यांनी पोराच्या अल्बमला कौल दिला. ही गोष्ट कळल्यावर मी या पुरस्काराच्या मागे लागले.

पोलारिस 2006 साली सुरू झाला. स्टीव्ह जॉर्डन नावाचे गृहस्थ रेकॉर्ड कंपनीत काम केलेले, त्यांनी तो सुरू केला. अटी दोनच: अल्बम त्या वर्षातला हवा आणि कॅनडाच्या कलाकाराचा हवा. तो किती खपला, कुठल्या कंपनीनं काढला, रॉक आहे की रॅप की पियानोवादन, हे बघायचं नाही. देशभरातले दोनशेच्या आसपास संगीत-पत्रकार, समीक्षक, रेडिओवर कार्यक्रम करणारे लोक आपापली पसंती कळवतात. त्यातून चाळीसांची लांब यादी होते, मग दहांची छोटी. शेवटच्या रात्री या सगळ्यांतून निवडलेले अकरा जण एका खोलीत बसतात. बाहेर समारंभ चाललेला असतो, एकेक कलाकार मंचावर येऊन गात असतो, आणि आत ही अकरा माणसं भांडत असतात. निकाल आधी ठरलेला नसतो, तो त्याच रात्री त्या खोलीत लागतो. डचरला त्या वर्षी पन्नास हजार कॅनडियन डॉलर मिळाले.

मला पैशापेक्षा त्या खोलीचं आकर्षण जास्त आहे. वेगवेगळ्या आवडीच्या अकरा माणसांनी तेच दहा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेले आहेत, आणि आता त्यांना एकमेकांना पटवायचं आहे. "तिसऱ्या गाण्यानंतर तो उगाच लांबवतो" असं कुणी म्हणालं तर समोरच्याला ते तिसरं गाणं ठाऊक असतं. इतकं लक्ष देऊन केलेल्या ऐकण्याचं भाग्य कुठल्या कलाकाराला रोज मिळतं? हरलेल्या नऊ जणांनासुद्धा ते मिळालेलंच असतं.

आमच्या इंदूरला संगीताच्या मानसन्मानांचं वावडं नाही. लताबाई इथल्या, 1929 साली इथे जन्मल्या. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय लता मंगेशकर सन्मान मध्य प्रदेश सरकारनं 1984 साली सुरू केला, पहिला नौशादसाहेबांना दिला, नंतरचा किशोरकुमारना. किशोरदा खंडव्याचे, आणि कॉलेज इंदूरचं, ख्रिश्चन कॉलेज. त्यामुळे तो मान शहराला स्वतःचाच वाटला. शास्त्रीय संगीतासाठी तानसेन सन्मान आहे, कालिदास सन्मान आहे. मोठी नावं, मोठी परंपरा, आणि ज्यांना मिळाले त्यांच्या योग्यतेबद्दल बोलायची माझी प्राज्ञा नाही. पण हे सगळे मान माणसाला मिळतात, त्याच्या उभ्या आयुष्याच्या साधनेला. त्यात काही वावगं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे बहुतेक हेच आहे. चित्रपट सोडला तर, अमुक वर्षी निघालेला अमुक अल्बम, त्यातल्या गाण्यांच्या क्रमासकट, ध्वनिमुद्रणासकट, घ्या आणि म्हणा की या वर्षी या देशात झालेलं हे सर्वोत्तम काम, असं ठासून सांगणारा आणि ज्याच्यावर लोक घरोघरी वाद घालतील असा पुरस्कार माझ्या पाहण्यात नाही.

माणसाचा सत्कार करताना त्याचं काम ऐकलंच पाहिजे असं कुठे आहे? मी एका सत्काराला गेले होते. कुठला ते सांगत नाही, पण गायक मोठा होता. परिचय करून देणाऱ्यानं त्यांच्या गुरूंची नावं वाचली, घराणं सांगितलं, कुठकुठल्या देशांत गायले ती यादी वाचली, आधी मिळालेले पुरस्कार वाचले. त्या गायकाची एक कॅसेट आमच्या घरात इतकी वाजली आहे की तिची फीत दोनदा तुटून दोनदा चिकटवली गेली. एकाच रागाची दोन रूपं, एकेका बाजूला एकेक. परिचयात तिचा उल्लेख नव्हता. शाल घातली, श्रीफळ दिलं, टाळ्या झाल्या. जेवणाच्या रांगेत मी दोन-तीन जणांना त्या कॅसेटबद्दल विचारलं. कुणीच ऐकली नव्हती. गायक मात्र, मी भीत भीत जाऊन सांगितलं तेव्हा, हात धरून उभे राहिले आणि विचारलं, "दुसऱ्या बाजूचं आवडलं का तुम्हाला? त्याच्यासाठी मी फार भांडलो होतो कंपनीशी." सगळ्या संध्याकाळीत ते स्वतःहून बोलले ते एवढंच.

दुसऱ्या बाजूसाठी भांडणं म्हणजे काय, हे मला दादाच्या दुकानामुळे कळतं.

जेल रोडवर, आता जिथे मोबाइलची कव्हरं आणि चार्जर मिळतात त्या गर्दीत, ऐंशीच्या दशकात दादाचं कॅसेटचं छोटं दुकान होतं. तयार कॅसेटी असायच्याच, पण खरी गर्दी कॅसेट भरून घ्यायला असायची. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर चौदा-पंधरा गाणी लिहून आणायचं. साठची भरायची की नव्वदची ते ठरायचं. साठची म्हणजे एका बाजूला अर्धा तास. बाकीचे दुकानदार कागदावरच्या क्रमानं गाणी भरत जायचे आणि बाजू संपली की गाणं जिथे असेल तिथे तुटायचं. दादानं एक लांबट वही केली होती, हिशेबाची असते तशी. तिच्यात गाण्यांची नावं आणि पुढे वेळ: तीन मिनिटं वीस सेकंद, चार मिनिटं पाच. ती वही उघडून तो गिऱ्हाइकाला आधी विचारायचा, "ऐकणार कुठे? गाडीत, लग्नात, की रात्री झोपताना?" मग पेन्सिलीनं कागदावरच्या गाण्यांना नवे आकडे घालायचा. दोन दुःखी गाणी लागोपाठ आली तर दुसऱ्याची माती होते, म्हणायचा. पहिली बाजू अशा गाण्यावर संपली पाहिजे की माणूस उठून कॅसेट उलटी करेल. आणि शेवटी पाच-सात सेकंद कोरी सोडायचा, "श्वास घ्यायला." लोक वैतागायचे. माझा क्रम का बदलला म्हणून एक जण हमरीतुमरीवर आला होता. आठवड्यानं तोच आणखी तीन कोऱ्या कॅसेटी घेऊन आला, आणि "लगा दो भैया अपने हिसाब से" म्हणाला.

भाची याच दुकानात स्टुलावर बसून गृहपाठ करायची. ती आज हॅलिफॅक्सहून मला "पहिल्यापासून शेवटपर्यंत" असं बजावते ते उगाच नाही.

आणि दादाच्या कॅसेटींच्या आधी आमच्या घरात एक एलपी, म्हणजे मोठी तबकडी, होती. उस्ताद अमीर खाँसाहेबांची, एचएमव्हीनं 1960 साली काढलेली. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. खाँसाहेब इंदूरचे, बंबई बाजाराच्या भागात त्यांचं घर. वडील शहामीर खाँ सारंगीचे वादक, त्यांनी लहानपणी मेरुखंडाची, म्हणजे त्याच सुरांच्या वेगवेगळ्या मांडण्या करण्याची, तालीम दिली. अण्णा, म्हणजे माझे वडील, तबकडीला कधी मधे हात लावायचे नाहीत. दोन्ही तळव्यांच्या कडांमध्ये धरायचे, मखमलीच्या ब्रशनं पुसायचे आणि सुई टेकवून बाजूला व्हायचे. मारवा दिवेलागणीचा राग. त्यात पंचम, म्हणजे प, नाही, आणि षड्जावर, म्हणजे सा-वर, टेकायचं असूनही टेकू द्यायचं नाही, असा तो खेळ. खाँसाहेब झुमरा तालाच्या अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, लयीत तो षड्ज इतका वेळ लांब ठेवतात की ऐकणाऱ्याचा जीव कासावीस होतो. एका बाजूला साधारण वीस मिनिटं. मैफलीत ज्याला तासभर कमी पडायचा त्यानं वीस मिनिटांत मारवा सांगायचा, म्हणजे काय सोडायचं ते आधी ठरवावं लागतं. मग बाजू संपते. उठायचं, तबकडी उलटायची. आणि सुई टेकली की दरबारी, मध्यरात्रीचा. मारव्यात ज्या षड्जासाठी तळमळत होतो तो आता पायाखाली धरणीसारखा पसरलेला असतो.

हे दोन राग या क्रमानं एका तबकडीवर कुणी ठेवले, खाँसाहेबांनी की कंपनीतल्या कुणी, ते काहीही असो. पण ते ठेवणं हीसुद्धा कला आहे आणि तिच्यासाठी आपल्याकडे टाळी नाही. खाँसाहेबांना 1967 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, 1971 मध्ये पद्मभूषण. 1974 मध्ये कलकत्त्याला मोटार अपघातात ते गेले. हयातीत त्यांच्या एलपी फार थोड्या निघाल्या. समजा, 1960 साली अकरा माणसं एका खोलीत बसून त्या वर्षीच्या तबकड्यांवर भांडली असती, तर कंपनीला वाटलं नसतं का की या माणसाच्या आणखी चार काढूया? मला ही हळहळ खरोखर वाटते. मान आला तो माणसाला आला, आणि उशिरा आला. तबकडीला वेळेवर आला असता तर आपल्या हाती आणखी काही तबकड्या असत्या.

अमीर खाँसाहेब तरी मोठ्या कंपनीत पोचलेले. माळव्यातच लुनियाखेडीचे प्रह्लादसिंह टिपानिया आहेत. शाळामास्तर, हातात तंबुरा आणि करताल, तोंडी कबीर. माळवीत गातात. एके काळी त्यांच्या कॅसेटी इथल्या गावागावांत, ट्रॅक्टरवर, चहाच्या हॉटेलांत वाजायच्या. दादाच्या दुकानातूनही जायच्या. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, आनंद झाला. पण त्या कॅसेटी? भजनं कोणत्या क्रमानं लावली आहेत, दोन भजनांमध्ये ते बोलतात ते किती नेमकं आहे, ढोलक कुठे थांबते, हे कुणी राष्ट्रीय पातळीवर बसून ऐकलं का? 'लोकसंगीत' असा शिक्का मारून आपण अशा कामाला अल्बम म्हणून तपासायचंच टाळतो. देवासला कुमारजींनी, म्हणजे कुमार गंधर्वांनी, आजारपणात पडल्या पडल्या माळव्यातली लोकगीतं आणि नाथपंथीयांची निर्गुणी भजनं ऐकली आणि त्यांतून केवढं काही उभं केलं. त्यांनी ऐकलं म्हणून ते झालं.

मराठी माणूस म्हणून मला पोलारिसच्या विजेत्यांची यादी वाचताना जे होतं ते पुण्या-मुंबईच्या मराठी माणसाला तितकं होणार नाही कदाचित. आम्ही दोनशेहून जास्त वर्षं माळव्यात आहोत. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि माळवी. आमची गाणी-नाटकं आम्ही आपसात करतो, गणपतीत करतो, प्रेक्षागृहं भरतात. पण आपलं काम महाराष्ट्राच्या यादीत बसत नाही आणि मध्य प्रदेशच्या यादीत भाषेमुळे मागे राहतं, ही जाणीव असतेच. कॅनडाच्या राजभाषा दोन, इंग्रजी आणि फ्रेंच. आणि पोलारिसनं काय केलं? 2014 साली तान्या तागाक या इनुइट, म्हणजे उत्तरेच्या बर्फाळ भागातल्या आदिवासी, गायिकेच्या अल्बमला पुरस्कार दिला, ज्यात पुष्कळसं गाणं शब्दांच्याही पलीकडचं, कंठातल्या श्वासाचं आहे. 2017 साली लिडो पिमिएंता या कोलंबियात जन्मलेल्या गायिकेच्या स्पॅनिश अल्बमला दिला. 2018 साली डचर. 2022 साली पिएर क्वेंडर्स, जन्म काँगोतला, गाण्यांत 'लिंगाला' ही तिकडची भाषा आणि इतरही भाषा. 2024 साली पुन्हा डचर, आणि हा पुरस्कार दोनदा मिळवणारा तो पहिलाच. म्हणजे राष्ट्रीय पुरस्कार राजभाषेबाहेरच्या कामाला वारंवार गेला, आणि राष्ट्र बुडालं नाही.

तागाकबद्दल एक गोष्ट मला फार जवळची वाटते. इनुइट कंठगायन परंपरेनं दोन बायकांनी समोरासमोर उभं राहून करायचं असतं. एकीचा श्वास दुसरीनं उचलायचा. तागाक घरापासून लांब, हॅलिफॅक्सलाच, चित्रकला शिकत होती. तिथे समोर उभी राहणारी दुसरी बाई नव्हती. तिच्या आईनं तिकडून त्या गाण्यांच्या कॅसेटी पाठवल्या. त्या ऐकून ती एकटीच गायला शिकली, दोघींचं गाणं एका गळ्यातून. पोलारिसच्या रात्री ती गात असताना मागच्या पडद्यावर बेपत्ता झालेल्या आणि मारल्या गेलेल्या आदिवासी स्त्रियांची नावं सरकत होती. दादाला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ त्या आईबद्दलच विचारत राहिला. कॅसेट साठची होती का, तिनं स्वतः भरली होती का.

इंग्लंडचा मर्क्युरी पुरस्कार याहून जुना, 1992 सालचा, बारा अल्बमांची यादी. 1999 मध्ये तो तलविन सिंग यांच्या अल्बमला मिळाला होता. लंडनमध्ये वाढलेला, पंजाबात जाऊन तबला शिकलेला माणूस, आणि तबल्याला इलेक्ट्रॉनिक संगीताशी जोडणारं काम. तेव्हा इकडे त्याची वाहवा झाली ती 'आपला माणूस जिंकला' अशी. अल्बम किती जणांनी ऐकला कुणास ठाऊक.

या पुरस्कारांना विरोध करणारेही आहेत आणि त्यांचं ऐकलं पाहिजे. 2013 साली पोलारिस 'गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर' या माँट्रियालच्या बँडला मिळाला. ते समारंभाला गेलेच नाहीत. त्यांनी पत्रक काढलं: लोक हलाखीत असताना असा झगमगाट कशाला, आणि कलाकारांची एकमेकांशी शर्यत कशाला. मिळालेल्या पैशातून क्विबेकच्या तुरुंगांतल्या कैद्यांसाठी वाद्यं घेऊ, असं त्यांनी जाहीर केलं. झगमगाटाबद्दल ते बरोबर होते असं मला वाटतं. शर्यतीबद्दल मात्र मी त्यांच्याशी सहमत नाही. ख्याल आणि रॅप यांची तुलना होत नाही, हे वाक्य ऐकायला रास्त वाटतं, पण बहुतेक वेळा त्याच्या आडून आपण दोन्हींपैकी एक न ऐकण्याची सोय करून घेतो. तुलना करायची म्हटली की दोन्ही ऐकावे लागतात.

आणि आता ऐकण्याचीच पंचाईत आहे. गाणं फोनवर येतं, तीस सेकंदांचं रील होतं, ॲप आपल्याच मनानं पुढचं गाणं लावतं. 2021 साली ॲडेल या गायिकेनं सांगितलं म्हणून स्पॉटिफायनं अल्बमच्या पानावरचं गाणी उलटसुलट वाजवणारं मुख्य बटण काढलं. गाण्यांचा क्रम आम्ही विचार करून लावतो, तो मोडू नका, एवढंच तिचं म्हणणं. दादाला ही बातमी कळली तेव्हा त्यानं ती वही कपाटातून काढून मला दाखवली. बाकी काही बोलला नाही, फक्त वही दाखवली.

इतक्या भाषांच्या देशात असा पुरस्कार चालवणं कठीण आहे, हे मला कळतं. दरवर्षी किती अल्बम निघतात, कोण ऐकणार, कोणाला कन्नड कळतं आणि कोणाला संथाली. पण डचरच्या गाण्यांतला शब्द त्या अकरांनाही बहुधा कळत नसणार. त्यांनी सूर ऐकला. आपल्याला तर न कळणाऱ्या भाषेतलं गाणं ऐकण्याचा सराव त्यांच्याहून जास्त आहे. तेलुगू कृती समजून घेऊन ऐकणारे मराठी कान आहेत, ब्रज बंदिश शब्दागणिक न कळता आयुष्यभर गाणारे आहेत. आपल्याकडे ऐकणारे आहेत. त्यांना एका खोलीत बसवायचं राहिलं आहे.

तर कुणी मनावर घेतलंच, तर माझ्या काही सूचना आहेत. शाल-श्रीफळ नको, भाषणं नकोत. पुरस्कार अल्बमला द्यायचा आणि ध्वनिमुद्रकाचं नाव गायकाच्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापायचं. रक्कम अशी की त्यातून पुढचा अल्बम निघेल. यादीतले दहाही अल्बम आकाशवाणीनं दहा दिवस रोज रात्री एकेक पूर्ण वाजवावेत, मधे निवेदन न करता. आणि त्या खोलीत नुसते समीक्षक आणि पंडित नकोत. पिगडंबरला लताबाईंच्या आणि दीनानाथांच्या नावानं जे ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे, तिथे हजारो तबकड्या जिवापाड सांभाळल्या आहेत. ते सांभाळणाऱ्यांसारखं कुणीतरी हवं. तबल्याच्या शिकवण्या करणारं कुणी हवं, गावातल्या भजनी मंडळातलं कुणी हवं, आणि ज्याचा जन्म गाण्यांच्या वेळा मांडण्यात गेला असा एखादा निवृत्त कॅसेटवाला हवा. तो भांडेल खूप. पहिली बाजू कुठे संपते यावर तर रात्र काढेल. पण त्यानं मत दिलेला अल्बम त्यानं पूर्ण ऐकलेला असेल.